तळ्याची सरळ रेघ

झादिराच्या सासऱ्याचं नाव तास्किन होतं, आणि कझाख बोलीत तास्किन म्हणजे पूर. सासरा वारून बरीच वर्षं झाली होती. तिने त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं, डोक्यावर लांडग्याच्या कातड्याची टोपी आणि चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्याचा राग. तरी सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, हा नेम तिने लग्नाच्या दिवसापासून पाळला होता. टीव्हीवर कुठल्या गावात पूर आल्याचं दाखवलं की ती म्हणायची, "मोठं पाणी आलंय बघा तिकडे." कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं नावही तास्किन निघालं, तेव्हापासून तो "अहो, पाववाले" झाला. सासूला ती अपा म्हणे. अपा हे सगळं ऐकायची आणि ओठ मुडपून मनातल्या मनात खूश व्हायची.

गंमत अशी की झादिराची नोकरीच पुराची होती.

अल्माटीच्या पाठीशी जे बर्फाचे डोंगर आहेत, त्यांच्या माथ्यावर उन्हाळ्यात तळी साचतात. हिमनदी वितळत राहते, पाणी दगडगोट्यांच्या कच्च्या बांधामागे चढत राहतं, आणि एखाद्या तापल्या दुपारी बांध सुटतो. मग नुसतं पाणी येत नाही. चिखल येतो, झाडं येतात, घराएवढाले दगड लोळत येतात. रशियनमध्ये त्याला स्येल म्हणतात, आणि कामावर सगळे रशियन बोलत असल्यामुळे झादिराचं निभून जाई. एका जुन्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची छोटीशी कंपनी होती. तळ्याकाठी बसवायच्या पेट्या ती बनवायची. पेटी पाण्याची उंची मोजायची, आपल्या पोटात लिहून ठेवायची आणि मग ते लिहिलेलं वाचून खाली शहरात पाठवायची.

पेटीतल्या सर्किटच्या पट्ट्यांवर चिपा डकवायचं काम वादिम त्सोयचं. आणि पेटी चिपेशी ज्याच्यामार्फत बोलते, तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम झादिराचा.

तो तिने लेक इंजू तान्ही असताना लिहिला होता. बाळंतपणाची रजा चालू होती, आणि वेळ म्हणाल तर इंजूच्या झोपेएवढा. एका पायाने पाळणा हलवायचा, दोन हातांनी लिहायचं. पाळण्याच्या दांडीला अपाने घुबडाची पिसं बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. ती पिसं हलायची थांबली की झादिराचा पाय आपोआप सुरू व्हायचा.

काम तसं समजायला सोपं होतं. फ्लॅश चिप म्हणजे पेन ड्राइव्हच्या पोटात असते तीच. तिच्याकडे माहितीचं एखादं पान मागितलं की ती लगेच हातात ठेवत नाही, तिला काढायला क्षणाचा काही अब्जांश वेळ लागतो. ड्रायव्हरने तेवढं थांबायचं आणि मग हात पुढे करायचा. घाईने हात केला तर हातात अर्धवट, भलतंसलतं येतं. पूर्वी ही थांबायची वेळ एकच ठोकून दिलेली होती, सगळ्यांत मंद चिपेलाही पुरेल अशी. पण दर खेपेला चिपा वेगळ्याच कारखान्याच्या मिळू लागल्या, आणि जलद चिपाही उगाच मंद चालू लागल्या. म्हणून झादिराने ते आपोआप करून टाकलं. प्रत्येक चिपेच्या पोटात तिच्या वेळांचा तक्ता असतो. पेटी सुरू होताना ड्रायव्हरने चिपेला विचारायचं, बाई, तुला किती वेळ लागतो? ती सांगेल त्याप्रमाणे पेटीतल्या घड्याळाकडून ठोके मागून घ्यायचे आणि कामाला लागायचं. माणसाने मध्ये हात घालायला नको.

ते जमलं त्या दिवशी साहेबांनी केक आणला होता. गेल्या हिवाळ्याअखेर हाच ड्रायव्हर सगळ्या तळ्यांवरच्या पेट्यांत गेला.

आज जुलैची दुपार होती आणि कंपनीतला एसी मेला होता. वादिम डब्यातलं तिखट गाजर भातावर घेऊन खात बसला होता. झादिरा दुधाचा चहा पीत होती, कारण या उन्हात चहानेच बरं वाटतं असं अपा म्हणायची आणि अपाचं तेवढं तरी खरं असायचं.

"झादिरा," वादिम घास गिळत म्हणाला, "एक सांग. नदी दुथडी भरून वाहिली की तिला काय आला म्हणतात? कझाखमध्ये."

"राग आला म्हणतात."

"आणि राग वाढून गावात शिरला तर?"

"पाहुणा आला म्हणतात. तुझ्यासारखा, न बोलावलेला."

"अगं, सासरा वर गेला तुझा. त्याला ऐकू येणारे का?"

"सासूला येतं," झादिरा म्हणाली. "ती इथे नसली तरी येतं."

अपा खरंच इथे नव्हती. आठवड्यापूर्वीच ती इंजूला घेऊन खोऱ्यातल्या डाचावर राहायला गेली होती. डाचा म्हणजे नदीकाठची भाजीची बाग आणि तिच्यात एक लाकडी खोली. शहरात लेकरू भाजून निघतंय, तिकडे सफरचंदाची सावली आहे, असं अपाचं म्हणणं. पहिलं नातवंड आजीचं, हा कझाख रिवाज तर ठरलेलाच. निघताना तिने विचारलं होतं, "थकलेली दिसतेस, केलिन. एकटी राहशील ना?" आणि झादिराने नेहमीसारखं म्हटलं होतं, "नाही अपा, थकले कुठे? राहीन की." केलिन म्हणजे सून. केलिनला विचारलं की ती हेच सांगते. नवरा सेर्झान दूर तेलाच्या विहिरींवर पाळीने जायचा, आणि पाळी चालू असताना त्याचा फोन लागणं म्हणजे लॉटरी.

चहाचा पेला धुवायला ती उठली आणि खिडकीपाशी थबकली.

वादिमच्या टेबलावर जागा नव्हती म्हणून त्याने चाचणीची एक पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. तिची तार झादिराच्याच संगणकाला जोडलेली. ऊन आता नेमकं कट्ट्यावर आलं होतं. आणि तिच्या पडद्यावर कोपऱ्यातला एक आकडा धावत होता.

तो आकडा दुरुस्त्यांचा होता. चिपेतून एखाददुसरं अक्षर चुकीचं आलं तर ड्रायव्हर हिशेबाने ते सुधारून घेतो, मुकाट्याने, आणि फक्त मोजून ठेवतो. सहसा हा आकडा दिवसचे दिवस हलत नाही.

"वादिक, ही कुठली पट्टी?" वादिमला ती वादिक म्हणायची.

"तळ्यांवर आहेत तसलीच. का, काय झालं?"

तिने पट्टी उचलली. बोट भाजलं. ती टेबलाखाली पंख्यासमोर धरली. आकडा धावायचा मंदावला, मग थांबला. पुन्हा कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळाने आकडा पुन्हा पळू लागला, आणि मग पळायचाही थांबला, कारण आता सुधारण्यापलीकडे गेलं होतं. पडद्यावर ओळ आली की पान वाचता येत नाही. तिच्याखाली तीच ओळ. तिच्याखाली पुन्हा तीच.

वादिमने चमचा खाली ठेवला. "चिप खोटं बोलली? पोटातला तक्ताच चुकीचा?"

झादिरा खाली बसून स्वतःचंच लिखाण उघडत होती. चिपेने मागितलेली वेळ बघितली. बरोबर होती. तिने घड्याळाकडे मागितलेले ठोके बघितले. तेही बरोबर. मग, जे तिने त्या पाळण्याच्या दिवसांत एकदाही केलं नव्हतं, ते केलं. घड्याळाने प्रत्यक्षात काय दिलं ते विचारलं.

घड्याळाला मागितलेला नेमका आकडा जमत नव्हता. त्याने जवळचा दिला होता. जरासा जलद.

म्हणजे चिप खरंच बोलली होती. मला एवढा वेळ लागतो, असं तिने सांगितलं होतं, आणि ड्रायव्हर तिला त्याहून थोडा कमी देत होता. गारव्यात ती आपल्या शब्दापेक्षा चपळ असते, म्हणून सांभाळून घेत होती. उन्हात तिला तिचा पुरा वेळ लागत होता, आणि तो मिळत नव्हता. मागितलं तेवढं मिळालं का, हे कुणी वळून पाहिलंच नव्हतं. झादिराने पाहिलं नव्हतं.

"गारव्यात चालतं," ती म्हणाली. "हिवाळ्यात घातला ड्रायव्हर."

"आणि आता जुलै आहे," वादिम म्हणाला. जितकं ऊन, तितकं बर्फ वितळणार. जितकं ऊन, तितकी पेटी आंधळी होणार.

तिने तळ्यांचं पान उघडलं. डोंगरावरच्या एकेका तळ्याची रेघ त्यावर असायची. तिची नजर सरळ खोऱ्याच्या माथ्यावरच्या तळ्याकडे गेली. त्या तळ्यातून निघणारी नदी डाचाजवळून, अपाच्या काकड्यांना खेटून जाते.

रेघ सरळ होती. सकाळी थोडी वर चढलेली, आणि मग ऊन चढल्यापासून पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ.

तळं असं राहत नाही. तळं श्वास घेतं. वाऱ्याने हलतं, बर्फाचा तुकडा पडला की उचकतं. झादिराने पुष्कळ तळ्यांच्या रेघा बघितल्या होत्या, आणि झोपलेल्या इंजूची छातीही. पाळण्यात इंजू फार शांत दिसली की ती वाकून नाकाशी बोट धरायची. तसंच आत्ता तिचं बोट पडद्याकडे गेलं.

तिने देखरेखीच्या खोलीत फोन लावला. तिथे तोलेगेन अगा, म्हणजे तोलेगेन काका, बसायचे, डोंगराकडे डोळे लावून बसलेला जुना माणूस.

"अगा, वरच्या तळ्याची रेघ बघताय?"

"बघतोय की पोरी. तुझ्या पेटीचा मुका घ्यावासा वाटतो. इतकं ऊन, आणि तळं कसं शहाण्या लेकरासारखं बसलंय. जरा हलत नाही."

"तेच, अगा. हलत नाही."

"बरं आहे की मग."

"अगा, वाचता आलं नाही तर पेटी शेवटचा चांगला आकडाच पुन्हा पाठवते. तुम्हीच सांगितलं होतंत ना, पडदा रिकामा दिसला की वरचे तुमचं डोकं खातात म्हणून. ही रेघ तळ्याची नाहीये. दुपारपासून पेटी आंधळी आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. अगांचा आवाज बदलला. "मग तळं कुठवर आलंय?"

"बघते. फोन ठेवू नका."

पेटी बंद करून पुन्हा चालू करणं हा सोपा उपाय होता, आणि तोच करायचा नव्हता. पेटी उठताना स्वतःचा प्रोग्रॅमही त्याच चिपेतून वाचते. या उन्हात तिला तो धड वाचता आला नाही, तर ती उठणारच नाही. वर माणूस पाठवायचा तर घोड्यावरून दिवस जातो.

पण ड्रायव्हर लिहिताना तिने मागच्या दाराला एक कडी ठेवली होती, तपासणीपुरती. तिथे आकडा टाकला की ड्रायव्हर चिपेचं ऐकणं सोडून जुन्या मंद वेळेवर येतो, न झोपता, चालता चालता. ती कडी काढून टाकायची राहिली होती. तेव्हा इंजू उठली होती बहुतेक.

उपग्रहाचा दुवा मंद होता. एक अक्षर टाइप करायचं आणि ते वर जाऊन परत येईपर्यंत थांबायचं. घाई करून उपयोग नव्हता. एक अक्षर चुकलं. तिने ते खोडलं, खोडलेलं परत येईपर्यंत पुन्हा थांबली. वादिम तिच्या खुर्चीमागे उभा होता. ती कुठे काय टाकतेय ते बघत.

शेवटचं अक्षर गेलं. पडदा तसाच.

मग पेटी बोलू लागली. लिहिताना तिची कधीच चूक झाली नव्हती, फक्त वाचताना होत होती. त्यामुळे दुपारभराचं सगळं तिच्या पोटात शाबूत होतं, आणि आता ते एकापाठोपाठ एक बाहेर पडू लागलं. सरळ रेघ पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी उमटू लागली. वर चढणारी. आणखी वर. बांधाच्या खुणेला टेकलेली. खुणेवर थोडा वेळ थरथरलेली.

आणि मग खाली. जिना उतरावा तशी नाही, विहिरीत दगड पडावा तशी.

"उतरतंय," फोनवरून अगांचा सुस्कारा ऐकू आला. त्यांच्याही पडद्यावर तेच होतं. "पोरी, उतरतंय तळं. सुटलो."

"अगा," झादिरा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "तळ्यातलं पाणी उतरलं, तर ते गेलं कुठे?"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मागे कुणाला तरी भोंग्याची किल्ली मागितल्याचा, आणि धावणाऱ्या बुटांचा.

झादिराने अपाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अपाचा फोन खोलीत खिडकीत असायचा, आणि अपा बागेत.

"हं, बोल. काकडी खुडत होते."

"अपा, इंजू कुठंय?"

"झोपलीये. नदीकाठच्या सफरचंदाखाली झोळी बांधलीये तिला. गार वारा लागतोय लेकराला. का गं?"

"तिला उचला आणि वर टेकडीवर जा. आत्ता. पाणी येतंय."

"येतंय?" अपाचा आवाज उजळला. "आमची पाळी उद्याची म्हणत होते मेले. बरं झालं, काकड्या माना टाकून बसल्यात. थांब, पाटाची फळी उघडून येते."

"पाटाचं नाही अपा. वरचं. तळ्याचं. स्येल येतोय."

"दर उन्हाळ्याला तुमचा स्येल येतो. मागल्या साली असंच आम्हा म्हाताऱ्यांना टेकडीवर नेऊन बसवलंत, आणि खाली चोरांनी माझा चहाचा सामोवार लांबवला. स्येल काही आला नाही, सामोवार मात्र गेला. लेकरू आत्ता कुठे निजलंय. उठलं तर तू येणारेस का जोजवायला?"

"अपा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मोठं पाणी आहे."

"मोठं का धाकटं, येऊ दे की. तू ओरडू नको आधी. सुनेने सासूवर आवाज चढवलेला मी ऐकून घेते, शेजारीण घेणार नाही."

तेवढ्यात झादिराला फोनमधून काहीतरी ऐकू आलं. कदाचित वाराच असेल. कदाचित अपाच्या मागे नदीच असेल, रोजची, गोट्यांवरून जाणारी. पण कुठलाही विचार येण्याआधी तो शब्द तोंडातून बाहेर पडला.

"तास्किन," ती म्हणाली. "अपा, तास्किन येतोय. तास्किन."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज, काकड्यांची टोपली असेल, आणि दाराचा धाडकन आवाज. फोन चालूच राहिला. झादिरा कान लावून ऐकत राहिली. रिकाम्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. मग तेही ऐकू येईना, कारण त्याच्या मागून एक घरघर उठली होती, खूप ट्रक चढावर एकदम गिअर बदलतात तशी. ती वाढत गेली. आणि फोन मेला.

वादिमने तिच्या हातात गाडीच्या किल्ल्या ठेवल्या.

"तू जा. बाकीच्या पेट्या मी मंद करतो. कडी कुठे आहे ते मघाशी पाहिलंय मी."

"एकेक अक्षर," ती म्हणाली. "घाई नको करू. आणि बंद करून चालू करू नकोस, वादिक, काही झालं तरी."

"कळलं. जा."

शहरातून गाडी कशी काढली, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं की रस्त्यावर सगळं रोजचं होतं. बाई टरबूज निवडत होती, दोन मुलं कारंज्यात उड्या मारत होती, आणि या लोकांना इतक्या शांतपणे टरबुजं कशी निवडता येतात, याचा तिला राग येत होता. भोंगा वाजू लागला तेव्हा ती खोऱ्याच्या तोंडाशी पोचली होती. उशिरा, तिला वाटलं. उशिरा, उशिरा.

पोलिसांनी रस्ता अडवला होता. "पुढे पूल नाही, ताई," एक पोरगेला शिपाई म्हणाला. "होता. आता नाही."

तिने गाडी तिथेच सोडली आणि मेंढ्यांच्या पायवाटेने वर चढू लागली. खाली नदी दिसत नव्हती, तिच्या जागी राखाडी काहीतरी सरकत होतं, जाड, फुगलेलं, आणि त्याच्या पोटात दगड एकमेकांवर आदळत होते. तो आवाज कानांनी नाही, तळपायांनी ऐकू येत होता. ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या झाडपाल्याचा वास सगळीकडे कोंदला होता. तिला अपाची बाग ओळखू येईना. मग तिला फक्त सफरचंदाच्या झाडाचा शेंडा दिसला, आडवा, चिखलातून हळूच पुढे जाणारा. त्याच्या फांदीला दोरी होती. झोळीची दोरी.

झादिरा खाली बसली.

ती किती वेळ बसली, कुणास ठाऊक. तिला वाटत होतं की आता उठायचंच नाही. उठलं तर पुढचं बघावं लागेल. या वाटेच्या वळणापलीकडे काय आहे ते कळेल, आणि जोवर कळत नाही तोवर इंजू झोपलेली आहे, तिला गार वारा लागतोय.

मग वळणापलीकडून कुणीतरी रडलं. लहान मूल झोपमोड झाली की रडतं तसं, भयंकर संतापून.

वर, जुन्या मेंढवाड्याच्या भिंतीशी, माणसं बसली होती. डाचाच्या गल्लीतली सगळी. कुणी बनियनवर, कुणी हातात खुरपं तसंच धरून. मध्ये अपा होती. एका पायात रबरी गॅलोश, दुसरा पाय चिखलाने माखलेला, आणि छातीशी इंजू. इंजूच्या टोपीवरचं घुबडाचं पीस मोडून लोंबत होतं. झादिराने पोरीला घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या मानेला दुधाचा आणि घामाचा वास होता. इंजू आणखीच चिडून रडली, कारण आईने तिला फार घट्ट आवळलं होतं आणि तिला ते आवडत नव्हतं.

"सामोवार राहिला," अपा म्हणाली. "दुसरापण."

"राहू दे, अपा."

पलीकडे बसलेली झोया पेत्रोव्हना, अपाची शेजारीण, बागेच्या कपड्यांतच, डोळे पुसत होती. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "तुझी सासू, काय सांगू बाई. नातीला काखोटीला मारून गल्लीभर पळत सुटली, तास्किन, तास्किन करत. मला तुमचा तो शब्द काय ठाऊक? मला ठाऊक तो तिचा नवरा. जन्मात तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नव्हतं मी, 'घरातला माणूस' म्हणायची. म्हटलं, म्हातारीला भ्रम झाला, मेलेल्याला हाका मारतेय. धरायला म्हणून मी तिच्या मागे पळाले. हाही पळाला. तोही पळाला. सगळे तिला धरायलाच आलो वर."

अपा खाली बघत होती, जिथे तिची बाग होती तिकडे. राखाडी लोंढा अजून सरकत होता आणि मधूनच एखादा दगड दुसऱ्यावर बसला की जमीन हलत होती. दर वेळी इंजू दचकून आईचा कान घट्ट धरत होती.

"अपा," झादिरा हळू म्हणाली. "नाव घेतलं मी. माफ करा."

"तू घेतलंस तेव्हा मला वाटलं, ही पोरगी वेडी झाली," अपा म्हणाली. "मग वाटलं, नाही. ही ते नाव घेते म्हणजे खरंच वरून डोंगर सुटला असणार." तिने चिखलाचा पाय दुसऱ्या पायाला पुसला. "मीही घेतलं. चाळीस वर्षं संसार केला, घेतलं नव्हतं. त्याला ऐकू गेलं असेल तर म्हणत असेल, आता बोलावतेस का."

झादिराच्या खिशात फोन थरथरला. वादिमचा निरोप होता. सगळ्या पेट्या मंद केल्या. सगळ्या रेघा हलताहेत. त्याखाली आणखी एक ओळ होती. शेजारच्या खोऱ्यातलं तळं चढतंय, अगांनी तिकडची गावं उठवायला घेतली, तू लवकर ये.

तिने वर डोंगराकडे पाहिलं. ऊन अजून तिथे होतं, बर्फावर, पांढरं, डोळ्यांना लागणारं. ते उतरायला अवकाश होता.

"जायला लागेल," ती म्हणाली. पण उठली नाही.

अपाने तिच्या मांडीवरून इंजूला परत घेतलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं, भाजी निवडताना बघतात तसं. "थकलीस, केलिन?"

नाही अपा, थकले कुठे, हे तोंडात तयारच होतं. झादिराने ते तसंच राहू दिलं.

"हो," ती म्हणाली. "खूप थकले, अपा. आणि फार भीती वाटतेय."

"मग घटकाभर बस," अपा म्हणाली, आणि स्वतः सरकून भिंतीपाशी जागा केली. खाली दगड लोळत होते. दोघींच्या मध्ये इंजू, मोडलेलं पीस मुठीत धरून, हुंदके देत देत, पुन्हा झोपायच्या तयारीत होती.